एकाच रेकॉर्डवर चक बेरी आणि केसरबाई! अंतराळात घुमणारा मराठी मुलखातला हा आवाज कुणाचा?

गेल्या वर्षी जानेवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन शो झाले. तिकीट लागलेल्यांनी स्क्रीनशॉट टाकले, न लागलेल्यांनी मीम टाकले. नांदेडहून तपोवन एक्स्प्रेसने किंवा लातूरहून रात्रीच्या लातूर-मुंबईने एखाद्या मैफलीसाठी मुंबई गाठणं आपल्याकडच्या रॉकवेड्यांना नवीन नाही. त्यातल्याच काहींच्या घरी आता टर्नटेबल आणि एलपीही दिसू लागल्या आहेत.

अशा प्रत्येक रेकॉर्ड जमवणाऱ्याला एक प्रश्न विचारून बघा. जगातली सगळ्यात दुर्मीळ रेकॉर्ड कोणती? उत्तर बीटल्सच्या एखाद्या पहिल्या आवृत्तीपाशी येऊन थांबेल. पण जिच्या फक्त दोन प्रती प्रवासाला निघाल्या आणि ज्या आता कुणालाही परत आणता येणार नाहीत, अशी एक सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड आहे. तिच्यावर चक बेरीचं 'जॉनी बी. गूड' आहे, बाख आहे, बीथोव्हन आहे, लुई आर्मस्ट्राँग आहे. आणि पंचविसाव्या क्रमांकावर आहेत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर.

आठव्या वर्षी कोल्हापूर, सोळाव्या वर्षी मुंबई

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. देवळाशी बांधलेल्या कलावंत समाजातलं घर. या समाजातल्या मुलीला गाणं घरातच मिळे, पण समाजात मान मिळेलच असं नसे. त्यांच्या पुढच्या आयुष्यातला करारीपणा समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

आठ वर्षांच्या असताना घरच्यांनी त्यांना कोल्हापूरला नेलं. तिथे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने तालीम झाली. मग पुन्हा गोवा. तिकडे रामकृष्णबुवा वझे येत, तेव्हा त्यांच्याकडे शिक्षण. सोळाव्या वर्षी आई आणि मामांसोबत मुंबई. तिथे शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांच्या मदतीने पतियाळा दरबारचे सतारिये बरकतुल्ला खाँ यांच्याकडे शिकणं सुरू झालं. पुढे काही काळ भास्करबुवा बखले. एक गुरू सुटायचा, दुसरा मिळायचा, तोही सुटायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर एकही कोर्स पूर्ण होत नव्हता.

शेवटी १९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारलं. केसरबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. हे लिहिताना मी थोडा थांबलो, कारण माझंही वय त्याच्याच आसपास आहे आणि आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर अठ्ठाविशीत 'आता काय नवीन शिकायचं' असे मेसेज रोज पडतात. केसरबाईंनी त्या वयात पाटी पुसून सुरुवात केली आणि १९४६ मध्ये खाँसाहेब गेले तोपर्यंत, म्हणजे जवळपास पंचवीस वर्षं, त्या शिकत राहिल्या. या काळात देशभर त्यांचं नाव झालं होतं, तरीही.

या गायकीत असं काय आहे?

जयपूर घराण्याचं गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अवघड वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही. आवाज मोकळा, आकारातला. लय न तुटता पुढे सरकते, दम लांब, आणि एका तानेतून दुसरी अशी निघते की सांधा कुठे आहे ते सापडत नाही. शिवाय इतरांच्या मैफलीत क्वचित ऐकू येणारे, ज्यांना अनवट म्हणतात असे राग. नट कामोद, ललिता गौरी ही नावं केसरबाईंच्या रेकॉर्डवरच अनेकांनी पहिल्यांदा वाचली. रॉक ऐकणाऱ्यांसाठी सोपी खूण: गिटारच्या लांब सोलोमध्ये वादक आता कोसळणार असं वाटतं आणि तो बरोबर ठोक्यावर उतरतो, तो क्षण इथे समेवर येतो. फक्त इथे ॲम्प्लिफायर नाही. एक गळा, तंबोरे, तबला आणि सारंगी.

१९४८ मध्ये कोलकात्यात त्यांना 'सूरश्री' ही पदवी मिळाली. रवींद्रनाथ टागोर हे त्यांच्या गाण्याचे चाहते होते. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने त्यांना राज्य गायिकेचा मान दिला. ज्या समाजातल्या बाईला नमस्कार करायला लोक कचरत, त्यातल्याच एका बाईसमोर राजेरजवाडे आणि मंत्री खाली बसून गाणं ऐकत होते.

तीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल कसा मावणार?

आपल्याकडे रेकॉर्डिंग सुरू झालं १९०२ मध्ये, कोलकात्यात गौहर जानच्या आवाजाने. त्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. मैफलीत तासभर फुलणारा राग एवढ्यात उरकायचा म्हणजे गायकाने आधीच ठरवायचं की काय टाकायचं. बऱ्याच जणांना ते जमलं नाही. केसरबाईंच्या तबकड्या ऐका: गौड मल्हार घ्या, मालकंस घ्या. घाई कुठेच ऐकू येत नाही. स्थायी, अंतरा, ताना, सम, आणि सुई बाहेर.

तरीही रेकॉर्डिंगच्या बाबतीत त्या फार चोखंदळ होत्या. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या लेबलांवरच्या मोजक्या तबकड्या एवढाच त्यांचा अधिकृत ठेवा. गाणं समोर बसून ऐकायचं, हा त्यांचा हिशेब. शिकवण्यातही तसंच. त्यांच्या एकमेव शिष्या म्हणून ओळखल्या जातात त्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी. साठच्या दशकात आवाज पूर्वीसारखा चालेना, तेव्हा केसरबाईंनी जाहीर मैफली थांबवल्या.

माझं मत विचाराल तर हा तोट्याचा सौदा होता. आपल्या पिढीचा. १९४० च्या मैफलीला आपण जाऊ शकत नाही, आणि त्यांच्या एका रागाचा अर्धा तासही धड रेकॉर्डिंगमध्ये शोधावा लागतो. पण रस्त्यावरच्या दुकानात, गप्पांच्या गोंगाटात आपलं गाणं वाजू नये असं एखाद्या कलावंताला वाटलं, तर त्याला चूक तरी कसं म्हणायचं? रील स्क्रोल करताना मागे वाजणारं संगीत आपण किती ऐकतो, ते आपल्यालाच माहीत.

न्यूयॉर्कच्या दुकानातलं खोकं

१९७७. नासा दोन व्हॉयेजर यानं सोडणार होती. गुरू, शनी पाहून ती सूर्यमालेच्या बाहेर जाणार, म्हणून सोबत माणसाची ओळख म्हणून एक रेकॉर्ड पाठवायचं ठरलं. समितीचे प्रमुख खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन. भारतातून काय घ्यायचं? संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी नाव सुचवलं: केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'.

अडचण एकच. रेकॉर्ड कुठेच मिळेना. छपाई केव्हाच बंद झालेली. प्रकल्पाच्या ॲन ड्रुयन यांनी न्यूयॉर्क पालथं घातलं आणि लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, त्यांना न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. वस्तू नेहमी टेबलाखालच्या खोक्यातच असते.

या सोनेरी रेकॉर्डची तांत्रिक बाजूही भन्नाट आहे. बारा इंची तांब्याची तबकडी, वर सोन्याचा मुलामा. वेग मिनिटाला १६⅔ फेरे, म्हणजे नेहमीच्या एलपीच्या निम्मा. त्यामुळे सुमारे ९० मिनिटांचं संगीत बसलं. सोबत सुई आणि काट्रिज दिलंय, ती वाजवायची कशी त्याची चित्रं वरच्या ॲल्युमिनियमच्या आवरणावर कोरलीत. त्याच आवरणावर युरेनियम-२३८ चा थर आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षं. किती युरेनियम उरलं ते मोजलं की रेकॉर्ड किती जुनी ते कळेल. थोडक्यात, एमआरपीच्या शेजारची 'पॅकिंगची तारीख'. ५५ भाषांमधल्या शुभेच्छाही आहेत आणि त्यात मराठी आहे.

एकूण २७ रचना. केसरबाईंच्या आधी चीनचं छिन वाद्य, नंतर अमेरिकी ब्लूज गायक ब्लाइंड विली जॉन्सन, आणि शेवटी बीथोव्हन. भैरवी मैफलीच्या अखेरीस गातात. इथेही ती शेवटून तिसरी आली. बंदिशीचे शब्द एकट्या निघालेल्या तरुणीला, कुठे चाललीस, असं विचारणारे आहेत.

व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्ट १९७७ ला निघालं, व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, वयाच्या ८५ व्या वर्षी केसरबाई गेल्या.

व्हॉयेजर-१ ने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली, व्हॉयेजर-२ ने २०१८ मध्ये. पहिलं यान आज आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरहून जास्त दूर आहे. जिला पानाच्या ठेल्यापर्यंतही आपला आवाज सैल सोडायचा नव्हता, तिचा आवाज माणसाच्या हातून सर्वांत दूर गेलेल्या वस्तूवर आहे.

तुमच्या माळ्यावर काही आहे का?

केरीत आज केसरबाईंच्या नावाची शाळा आहे आणि गोव्यात कला अकादमी त्यांच्या स्मृतीत संगीत समारोह भरवते. रेकॉर्ड जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था मुंबईत आहे.

नांदेड-लातूरच्या जुन्या वाड्यांत लाखेच्या तबकड्या अजून निघतात आणि भंगाराच्या गाड्यावर जातात. सापडल्या तर तीन गोष्टी पाळा. त्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने अजिबात पुसू नका. लाख त्यात विरघळते. आणि एलपीची सुई लावू नका, ७८ ची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. लेबलवरचं नाव मात्र आधी वाचा. धूळ झटकल्यावर 'केसरबाई केरकर' दिसलं, तर गाडेवाल्याला थांबवायला अजून वेळ आहे.