विश्लेषण : ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा जनक नृत्यसंगीताकडे वळला, तेव्हा चाहते का दुखावले? काय होता फ्रेडी मर्क्युरीचा सांगीतिक बदल…

मे १९८२ मध्ये ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘हॉट स्पेस’ हा अल्बम प्रसिद्ध झाला आणि दशकभर या बँडवर जीव टाकणारे श्रोते दोन गटांत विभागले गेले. गिटारच्या जागी सिंथेसायझर आणि ड्रम्सच्या जागी यंत्राचा ठेका ऐकून अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. रोषाचा केंद्रबिंदू होता बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. पाचगणीच्या शाळेत वाढलेल्या या पारशी कलावंताने किचकट, दीर्घ रॉक रचनांकडून सोप्या, नाचऱ्या गाण्यांकडे केलेला प्रवास चाहत्यांना का खुपला आणि त्याची किंमत काय मोजावी लागली, याविषयी…

पाचगणी ते लंडन

फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला. वडील ब्रिटिश वसाहत सरकारच्या कचेरीत रोखपाल होते. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत धाडण्यात आले. फारुखचा ‘फ्रेडी’ झाला तो तिथेच. पियानोचे शिक्षण सुरू होतेच, त्याच्या जोडीला शाळकरी मित्रांचा ‘द हेक्टिक्स’ हा बँड उभा राहिला. ही मुले क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची त्या काळी गाजणारी गाणी वाजवत. म्हणजे मंचावर फ्रेडीने गिरवलेले पहिले धडे लोकप्रिय, ठेकेबाज संगीताचे होते. पुढच्या वादाच्या संदर्भात ही बाब महत्त्वाची ठरते. १९६४ मधील झांझिबारच्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टममध्ये स्थायिक झाले. फ्रेडीने ईलिंग कला महाविद्यालयातून ग्राफिक कलेची पदविका घेतली. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्यासह त्याने ‘क्वीन’ची स्थापना केली. बास गिटारवादक जॉन डीकन १९७१ मध्ये आला आणि चौकडी पूर्ण झाली.

‘प्रोग्रेसिव्ह रॉक’शी नाते काय?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘येस’, ‘जेनेसिस’, ‘किंग क्रिम्सन’ या बँडनी ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’चा दबदबा निर्माण केला होता. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडणे, एकाच रचनेत लय आणि सूर अनेकदा पालटणे, पाश्चात्त्य अभिजात संगीताचा आधार घेणे ही या प्रकाराची वैशिष्ट्ये. ‘क्वीन’ हा निखळ प्रोग्रेसिव्ह बँड नव्हता, पण त्याचे सुरुवातीचे संगीत याच मातीतले होते. १९७४ च्या ‘क्वीन टू’ या अल्बमची दुसरी बाजू पूर्णपणे मर्क्युरीच्या रचनांची आहे. त्यातील ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ हे गाणे साडेसहा मिनिटांत कितीदा तरी रूप बदलते. आणखी एक रचना रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या चित्रावर बेतलेली आहे. १९७५ मध्ये आलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा या शैलीचा कळस. सुमारे सहा मिनिटांच्या या गाण्याला ध्रुवपदच नाही. संथ भावगीत, ऑपेरा आणि धडाडता रॉक असा त्याचा प्रवास होतो. त्यातील ऑपेराच्या भागासाठी आवाजांचे थरावर थर चढवण्यात तीनेक आठवडे गेले. इतके लांब गाणे रेडिओवर कोण वाजवणार, ही ध्वनिमुद्रिका कंपनीची शंका खोटी ठरवत ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अव्वल राहिले. चाहत्यांच्या मनात ‘क्वीन’ची जी प्रतिमा कोरली गेली, ती या गाण्याची.

बदल कधी सुरू झाला?

बदल एका रात्रीत झाला नाही. १९७४ चे ‘किलर क्वीन’ तीन मिनिटांचे, नखरेल पॉप गाणेच होते. १९७६ च्या ‘समबडी टु लव्ह’मध्ये अरेथा फ्रँकलिनच्या गॉस्पेल गायकीवरचे मर्क्युरीचे प्रेम उघड दिसते. १९७७ मध्ये तर बँडने संपूर्ण स्टेडियमला टाळ्यांच्या तालावर गाता येतील अशी गाणी दिली. मात्र खरी सीमारेषा ठरला १९८० चा ‘द गेम’. आपल्या संगीतात सिंथेसायझर वापरलेला नाही, हे बँड पूर्वी अल्बमच्या वेष्टनावर अभिमानाने छापत असे. ‘द गेम’मध्ये तो पहिल्यांदा वापरला गेला. यातील मर्क्युरीचे ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ आणि डीकनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ ही दोन्ही गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. दुसऱ्या गाण्याची प्रेरणा ‘शिक’ या डिस्को-फंक बँडची होती. ते सिंगल म्हणून बाजारात आणा, असा आग्रह मायकेल जॅक्सनने धरला होता. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांवरही ते गाजले. अमेरिकेत अव्वल ठरलेला ‘क्वीन’चा हा एकमेव स्टुडिओ अल्बम. पुढच्याच वर्षी दक्षिण अमेरिकेत बँडसमोर लाखाहून अधिकांची गर्दी लोटली. जुने चाहते थोडे कुरकुरले, पण नवे त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक मिळाले.

‘हॉट स्पेस’मध्ये वेगळे काय होते?

‘द गेम’मध्ये नृत्यसंगीत चवीपुरते होते. ‘हॉट स्पेस’मध्ये, विशेषतः पहिल्या बाजूला, तेच मुख्य जेवण झाले. म्युनिकमधील मुक्काम आणि तिथल्या क्लबमधील रात्री यांचा प्रभाव मर्क्युरीवर होता. त्याच्या ‘बॉडी लँग्वेज’मध्ये यांत्रिक ठेका आणि सिंथेसायझरचा बास यांचेच राज्य आहे. ब्रायन मेची गिटार, म्हणजे ‘क्वीन’ची ओळख, जेमतेम ऐकू येते. ‘स्टेइंग पॉवर’मध्ये ब्रास वाद्यांचा ताफा आहे. हा बदल एकट्या मर्क्युरीचा नव्हता, डीकनही त्याच बाजूचा होता. मे आणि टेलर मात्र फारसे खूश नव्हते आणि पुढे त्यांनी ते लपवलेही नाही. म्हणजे चाहत्यांमध्ये पडलेली फूट आधी बँडमध्येच पडली होती. अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेला, पण अमेरिकेत २२ व्या स्थानावर अडकला. डेव्हिड बोवीसोबतचे ‘अंडर प्रेशर’ १९८१ मध्येच ब्रिटनमध्ये अव्वल ठरले होते आणि ते याच अल्बममध्ये होते, तरीही हे घडले.

नाराजी कशी व्यक्त झाली?

१९८२ च्या युरोप दौऱ्यात नवी गाणी सुरू होताच काही ठिकाणी प्रेक्षकांतून नापसंतीचे आवाज उठू लागले. जूनमध्ये इंग्लंडमधील मिल्टन कीन्सच्या मैफलीत मर्क्युरीने नवे गाणे गाण्यापूर्वी थेट श्रोत्यांशीच हा विषय काढला. काही नवे सूर आजमावून पाहिले म्हणजे रॉक सोडला असे होत नाही, आणि शेवटी ही एक ध्वनिमुद्रिकाच आहे, अशा आशयाची समजूत त्याने घातली. स्वरात मिश्कीलपणा होता, तशी चीडही. गंमत म्हणजे मंचावर गिटार आणि हाडामांसाच्या माणसाचे ड्रम्स मिळताच ‘स्टेइंग पॉवर’सारखे गाणे चांगलेच धारदार वाजत होते. चाहत्यांच्या तक्रारीत तथ्य होते, ते इथे दिसते. चार भिन्न स्वभावांच्या वादकांची ओढाताण हे ‘क्वीन’चे बळ होते. मुद्रित अल्बममध्ये त्या ओढाताणीला जागाच उरली नव्हती. नाचायला हरकत नव्हती. पण नाचताना बँड कुठे गेला, हा प्रश्न रास्त होता.

रोष फक्त संगीतावर होता का?

नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवून देण्याचा कार्यक्रम झाला आणि त्याचे पर्यवसान दंगलीत झाले. डिस्को हे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलैंगिक तरुणांच्या क्लबमधून आलेले संगीत होते. त्याविरुद्धच्या संतापात या समूहांबद्दलची अढीही मिसळलेली होती, अशी मांडणी पुढे अनेक अभ्यासकांनी केली. त्याच सुमारास मर्क्युरीने लांब केस कापले आणि मिशी ठेवली. हा पेहराव त्या काळच्या समलैंगिक वर्तुळाची खूण मानला जाई. १९८० च्या अमेरिका दौऱ्यात काही प्रेक्षकांनी मंचावर दाढीची रेझर फेकून आपली नापसंती कळवली. अर्थात प्रत्येक नाराज चाहता पूर्वग्रहदूषित होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनेकांना फक्त गिटार हवी होती. पण दोन प्रकारचे आवाज एकाच गोंगाटात मिसळले आणि मर्क्युरीला ते दोन्ही एकदमच ऐकावे लागले.

किंमत काय मोजावी लागली?

सप्टेंबर १९८२ मधील लॉस एंजेलिसच्या मैफलीनंतर मर्क्युरीसह ‘क्वीन’ने अमेरिकेत पुन्हा कधीच मैफल केली नाही. १९८४ च्या ‘आय वाँट टु ब्रेक फ्री’च्या चित्रफितीत चौघे स्त्रीवेशात दिसले. ब्रिटनमध्ये ती विनोद म्हणून स्वीकारली गेली, अमेरिकेत मात्र थंड स्वागत झाले. मर्क्युरी तरीही मागे हटला नाही. १९८५ चा ‘मिस्टर बॅड गाय’ हा त्याचा एकल अल्बम उघडपणे नृत्य आणि पॉपकडे झुकणारा होता. बँडसोबत मात्र त्याने तोल सावरला. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली स्टेडियमवरील ‘लाइव्ह एड’मध्ये बँडने जेमतेम वीस मिनिटांत ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ही वाजवले आणि सिंथेसायझरवर उभे असलेले ‘रेडिओ गा गा’ही. सुमारे ७२ हजारांचा समुदाय हात उंचावून टाळ्या देत होता तो या दुसऱ्या गाण्याला. ‘हॉट स्पेस’मधील एकही गाणे मात्र त्या दिवशी निवडले गेले नव्हते. नंतर मोंसेरात काबाये या स्पॅनिश ऑपेरा गायिकेसोबतचा ‘बार्सिलोना’ १९८८ मध्ये आला. पॉपसाठी नाके मुरडणाऱ्यांना मर्क्युरीचे हे उत्तर होते, असे म्हणता येईल. त्याला कुठल्याच कप्प्यात राहायचे नव्हते.

अखेर तो मूळ शैलीकडे परतला का?

एका अर्थी, हो. एड्सने शरीर पोखरलेले असताना मर्क्युरीने बँडसोबत ‘इन्युएंडो’ घडवला. जानेवारी १९९१ मध्ये आलेले त्याचे शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचे आहे. लय बदलत ते मध्येच स्पॅनिश गिटारकडे वळते. ही गिटार वाजवली आहे ‘येस’च्या स्टीव्ह हाऊने. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या आद्य शिलेदारांपैकी एक आता ‘क्वीन’च्या गाण्यात होता आणि ते गाणे ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. पण त्याच अल्बममध्ये मर्क्युरीने आपल्या मांजरीवरचे एक हलकेफुलके गाणेही ठेवले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. झरतुष्ट्री पुरोहितांनी अंत्यविधी केले.

आता ते संगीत कसे ऐकले जाते?

मृत्यूनंतर समीकरण बदलले. एकल अल्बममधील ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ नव्या नाचऱ्या रूपात १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच अल्बममधील आणखी दोन गाण्यांना उरलेल्या तिघांनी १९९५ मध्ये गिटार आणि ड्रम्सचा साज चढवून ‘क्वीन’ची करून घेतले. ‘येस’ आणि ‘जेनेसिस’ यांनीही ऐंशीच्या दशकात पॉपची वाट धरली आणि अमेरिकेत अव्वल गाणी दिली. त्यांचे जुने चाहते अजूनही त्यावर वाद घालतात. ‘क्वीन’च्या बाबतीत तो वाद बराच निवळला आहे. १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा ब्रिटनमध्ये सर्वाधिक विकला गेलेला अल्बम आहे आणि त्यात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ व ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ शेजारीशेजारी आहेत. आज तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात कुठे फारकत झाल्याचे जाणवतही नाही. ‘हॉट स्पेस’ उत्तम अल्बम होता असे मात्र यातून सिद्ध होत नाही. तो आजही ‘क्वीन’च्या दुबळ्या कामांतच गणला जातो. सिद्ध होते ते इतकेच, की ज्या अस्वस्थतेतून तो जन्मला, त्याच अस्वस्थतेतून ध्रुवपद नसलेले सहा मिनिटांचे गाणेही जन्मले होते. चाहत्यांना त्यातले एक हवे होते आणि दुसरे नको होते.