तुकाराम गोपाळ ओंबळे

दरवर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं, प्रत्येक जिल्ह्याप्रमाणें आपल्या भंडाऱ्यासही, कर्तव्य बजावतांना प्राणांस मुकलेल्या पोलिसांना मानवंदना देण्यांत येते. १९५९ सालीं त्याच दिवशीं लडाखांत हॉट स्प्रिंग्ज येथें चिनी सैन्याच्या गोळीबारांत दहा भारतीय पोलीस धारातीर्थीं पडले, त्यांची ही पुण्यतिथि होय. ह्या प्रसंगीं वाचलीं जाणारीं नांवें बहुधा साध्या शिपायांचीं व हवालदारांचीं असतात, आणि ऐकणारे तीं लौकरच विसरतात. त्यांतील जें एक नांव विसरलें गेलें नाहीं, त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस सांगावी असें आम्हांस वाटतें. कारण त्यांच्यापैकीं बहुतेकांचा जन्म ह्या घटनेनंतरचा आहे.

तुकाराम ओंबळे हे सातारा जिल्ह्यांतील जावळी तालुक्याच्या केडंबे गांवचे. त्या डोंगराळ मुलखांतील तरुण पोटापाण्यासाठीं एक तर सैन्यांत जातो, नाहीं तर मुंबईस. ओंबळे ह्यांनीं दोन्ही केलें. सैन्याच्या संदेशवाहन दलांत नाईक ह्या हुद्द्यापर्यंत चाकरी करून ते निवृत्त झाले, आणि १९९१ सालीं मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून दाखल झाले. पुढील सतरा वर्षांत त्यांच्या नांवाचा कोठें गाजावाजा झाला नाहीं. रात्रपाळी, बंदोबस्त, नाकाबंदी हाच त्यांचा दिनक्रम. २००८ सालीं ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यांत सहायक उपनिरीक्षक होते.

त्या वर्षीं २६ नोव्हेंबरच्या रात्रीं समुद्रमार्गें आलेल्या दहा सशस्त्र अतिरेक्यांनीं मुंबईवर हल्ला चढविला. त्यांतील अजमल कसाब व इस्माईल खान ह्या दोघांनीं छत्रपति शिवाजी टर्मिनसवर बेछूट गोळीबार केला, आणि तेथून ते कामा रुग्णालयाकडे वळले. त्याच भागांतील एका गल्लींत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तीन अधिकारी त्यांच्या गोळ्यांस बळी पडले. करकरे ह्यांचें बालपण वर्ध्यास गेलेलें, शिक्षण नागपुरास झालेलें, आणि चंद्रपूरचे पोलीस अधीक्षक म्हणूनही त्यांनीं काम केलेलें. तेव्हां विदर्भास त्यांची आठवण विशेष आहे. पुढें हे दोघे मारेकरी एक मोटार बळकावून मरीन ड्राइव्हच्या रस्त्यानें निघाले. बिनतारी संदेश सुटला, आणि गिरगांव चौपाटीजवळ पोलिसांनीं रस्ता अडविला.

मध्यरात्र उलटून गेली होती. अडथळा पाहून मोटार थोड्या अंतरावर थांबली, वळण्याच्या प्रयत्नांत दुभाजकावर आदळली. पोलिसांच्या गोळ्यांनीं इस्माईल पडला. दुसऱ्या बाजूस कसाब होता, त्याच्यापाशीं एके-४७ रायफल. ओंबळे ह्यांच्याजवळ केवळ लाठी होती. ते थेट त्याच्या अंगावर गेले, आणि रायफलीची नळी त्यांनीं दोन्ही हातांनीं घट्ट धरली. कसाबनें चाप ओढला. गोळ्या ओंबळे ह्यांच्या शरीरांत शिरल्या. तरी ती पकड सुटली नाहीं. सहकाऱ्यांवर रोखली जाणारी नळी त्यांनीं आपल्याकडेच वळवून ठेविली, म्हणाना. तेवढ्या अवधींत इतरांनीं कसाबला जेरबंद केलें. ओंबळे मात्र वांचले नाहींत.

ह्या धाडसाचें मोल आणखी एका कारणानें मोठें आहे. हल्ल्यांत १६६ माणसें मरण पावलीं आणि दहापैकीं नऊ अतिरेकी ठार झाले. जिवंत हातीं लागला तो एकटा कसाब. हे लोक कोठून आले, त्यांना कोणीं शिकविलें, कोणत्या वाटेनें पाठविलें, ह्याचा जिवंत पुरावा त्यामुळें मिळाला. त्याच्यावर रीतसर खटला चालला. बचावासाठीं त्याला वकीलही देण्यांत आला. मे २०१० मध्यें विशेष न्यायालयानें फांशीची शिक्षा सुनावली, ऑगस्ट २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत तिची अंमलबजावणी झाली. इतक्या घोर अपराध्यासही आपल्या देशांत न्यायासनासमोर उभें करितां आलें, तें ओंबळे ह्यांच्या त्या पकडीमुळें.

एक गोष्ट मात्र आम्हांस बोलल्यावांचून राहवत नाहीं. रायफलीसमोर लाठी, ही स्थिति गौरवाची तशीच लाजिरवाणीही आहे. हल्ल्यानंतर राज्य सरकारनें नेमिलेल्या राम प्रधान समितीनेंही पोलिसांच्या शस्त्रसामग्रींतील व सरावांतील उणिवा दाखवून दिल्या. शिपायाचें शौर्य हें सरकारच्या काटकसरीचें भांडवल होतां कामा नये.

२६ जानेवारी २००९ रोजीं ओंबळे ह्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. शांतताकाळांतील शौर्यासाठीं आपल्या देशांत ह्याहून मोठें पदक नाहीं. त्यानंतरचा एक सन्मान जरा विलक्षण आहे. ठाणें-कल्याण भागांत सांपडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीस शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं 'आयसियस तुकारामी' असें नांव दिलें. हा कोळी जाळें विणून वाट पाहत बसत नाहीं. भक्ष्यावर उडी घालून तो तें पकडतो.