रांगेचे गणित मांडणारा मास्तर

बी.कॉम.च्या संख्याशास्त्राच्या तासाला पॉयसाँचे वितरण फळ्यावर आले, तेव्हा आम्ही मागच्या बाकावरच्या मुलींनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतले. परीक्षेला हमखास येते, यापलीकडे त्याचा आपल्या आयुष्याशी काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते. पुढे संध्याकाळच्या नेटवर्किंगच्या वर्गात तेच सूत्र पुन्हा भेटले आणि त्याचा हात धरून एक माणूसही भेटला. आग्नर क्रारुप एरलांग हे त्यांचे नाव.

एरलांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधील जटलँड भागात, लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेचे मास्तर. थोरला भाऊ पुस्तक वाचायला बसला की हा समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचत असे, असे सांगतात. चौदाव्या वर्षी त्यांनी कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा दिली. वय कमी पडत असल्याने त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. परीक्षा उत्तम रीतीने पास होऊन ते गावी परतले व दोन वर्षे वडिलांच्याच शाळेत शिकवू लागले. १८९६ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली म्हणून विद्यापीठाचे दार उघडले. १९०१ मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन ते एम.ए. झाले आणि पुढची काही वर्षे त्यांनी पुन्हा शाळामास्तरकीच केली.

इथे त्यांच्या आयुष्याला वळण लागले. गणितप्रेमींच्या मंडळात त्यांची योहान येन्सन यांच्याशी ओळख झाली. येन्सन हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील मोठे अभियंते. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. त्यांच्यामुळे १९०८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, एरलांग कंपनीत दाखल झाले. तारा, यंत्रे, वीज असे कितीतरी विभाग तिथे होते. एरलांग यांनी आपल्या कामाच्या केंद्रस्थानी ठेवला तो एकच प्रश्न : इतक्या लोकांना फोन करायचे असतील, तर लाइनी किती हव्यात?

प्रश्न दिसतो साधा, पण तो तर धंद्याचा प्राण आहे. लाइनी जास्त टाकल्या तर भांडवल पडून राहते. कमी टाकल्या तर फोन एंगेज लागतो आणि गिऱ्हाईक वैतागते. कोण केव्हा फोन उचलेल हे तर कुणालाच ठाऊक नसते. १९०९ मध्ये त्यांनी निबंध लिहून दाखवले की अशा आपापल्या मर्जीने येणाऱ्या कॉलनाही एक नियम लागू पडतो. तो म्हणजे आमच्या वहीतले पॉयसाँचे वितरण! १९१७ मध्ये त्यांनी स्वयंचलित एक्स्चेंजसाठी सूत्रे दिली. ती पुढे इंग्लंडच्या टपाल खात्यानेही स्वीकारली.

मी त्यांचे सूत्र स्वतः सोडवून पाहिले. तासाला ३० कॉल, प्रत्येक सरासरी २ मिनिटांचा, म्हणजे एकूण ६० मिनिटे. वरवर पाहता एक लाइन पुरेशी वाटते. पण सूत्र सांगते की एका लाइनीवर निम्मे कॉल परत जातील. दोन लाइनी केल्या तर पाचातला एक, तीन केल्या तर सोळातला एक आणि चार केल्या तर पासष्टातला एक. चौथ्या लाइनीचा खर्च करावा की नाही, हे मग मालकाने ठरवावे. हे उत्तर निघाले तेव्हा मला प्रथमच वाटले की हे शास्त्र कॉमर्सवाल्यांना परके नाही.

एरलांग केवळ कागदावर गणिते करणारे नव्हते. सुरुवातीला हाताशी मोजमापाची साधने व माणसे बेताचीच असल्याने, शिडी घेतलेला एक कामगार बरोबर घेऊन ते कोपनहेगनच्या रस्त्यांवरील भुयारांत उतरत व तारांतील प्रवाह मोजत. त्यांनी लग्न केले नाही. पुस्तके जमवावीत आणि गाजावाजा न करता गरजूंना मदत करावी, एवढीच त्यांची हौस. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते वारले. १९४६ मध्ये टेलिफोनच्या वाहतुकीच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले. माझ्या उदाहरणातली वाहतूक बरोबर एक एरलांग होय. पुढे स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने एका संगणकीय भाषेलाही तेच नाव दिले आणि व्हॉट्सअॅपची यंत्रणा त्याच भाषेवर उभी राहिली.

आता माझे थोडेसे. संध्याकाळच्या वर्गात सरांनी सांगितले आहे की एक शाखा निवडा : राउटिंग, सुरक्षा किंवा वायरलेस. आईने भिशीतून काढून दिलेली फी एकदाच भरता येणार आहे. मामांना वाटते मी बँकेच्या परीक्षेला बसावे. वर्गात बहुतेक जण डिप्लोमावाले. मराठी माध्यमातून आलेल्या कॉमर्सच्या मुलीला प्रश्न विचारायलाही धीर होत नाही. कानडी बोलणारी माझी मैत्रीण म्हणते, ज्याला जास्त पगार ते घे. बरेच दिवस मीही त्याच हिशोबात होते.

एरलांग यांचे चरित्र वाचून मी हिशोब बदलला. नव्या नोकरीत जाताना त्यांनी आपले गणित मागे टाकले नाही. तेच बरोबर नेले आणि ते जिथे कामी येईल असा प्रश्न शोधला. माझ्याकडे खर्च, नफा आणि संख्याशास्त्र आहे. म्हणून मी राउटिंग घेणार आहे, आणि त्यातही वाहतूक मोजून किती क्षमतेच्या जोडण्या घ्याव्यात हे ठरवण्याचे काम शिकणार आहे. इंटरनेटची वाहतूक टेलिफोनपेक्षा लहरी असते व जुनी सूत्रे तिथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हेही मला ठाऊक झाले आहे. पण किती पुरे, हा प्रश्न तोच आहे.

निवड चुकणारच नाही असे मी म्हणत नाही. मामांना अजून सांगायचे आहे. पण परवा वर्गात मी पहिल्यांदा हात वर केला आणि प्रश्न विचारला, तोही मराठीत. सरांनी फळ्यावर उत्तर लिहिले, तेव्हा डिप्लोमावाल्यांनीही ते वहीत उतरवून घेतले.