आकाशमार्गाचे प्रवर्तक

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. बालपणीच त्यांना विमानाचे वेड लागले. 1929 साली भारतातील पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

1930 साली भारत व इंग्लंड यांमधील अंतर विमानाने एकट्याने पार करण्याची स्पर्धा होती. जहांगीर कराचीहून लंडनकडे निघाले. वाटेत इजिप्तमध्ये उलट दिशेने येणारे सतरा वर्षांचे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेले त्यांना आढळले. जहांगीरांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांस दिले. थोड्या वेळाच्या फरकाने अस्पींनीच स्पर्धा जिंकली.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जहांगीरांनी टपालाचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहू येथे, स्वतः आणले. 8 जून 1948 रोजी त्यांच्या एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आगबोटीने आठवडे लागणारा हा प्रवास दोन दिवसांत घडला. आज सुमारे 7,200 किलोमीटरचे हे अंतर विमान न थांबता सुमारे दहा तासांत कापते.

29 नोव्हेंबर 1993 रोजी जहांगीर निवर्तले. अंतर जिंकण्याची ईर्ष्या त्यांच्या ठायी होती. परंतु त्या ईर्ष्येपायी वाटेत अडलेल्यास मागे टाकून जाणे त्यांना रुचले नाही.