एक सरदार, एक शपथ



२० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या टेबलाखाली बॉम्ब ठेवणाऱ्या एका डोळ्याच्या कर्नलची गोष्ट आपल्यापैकी काहींनी सिनेमात पाहिली असेल. हे कर्नल कॅथलिक होते. त्यांच्या त्या शेवटच्या दिवसापेक्षा दोन महायुद्धांमधली त्यांची वर्षे मला अधिक अस्वस्थ करतात, कारण त्या वर्षांत ते बहुतेक सज्जन माणसे वागतात तसेच वागले.

क्लाउस शेंक ग्राफ फॉन श्टाउफेनबर्ग यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०७ रोजी बव्हेरियातील येटिंगेन येथे झाला. बरोबर जन्मलेला जुळा भाऊ दुसऱ्याच दिवशी वारला. 'ग्राफ' म्हणजे काउंट, आपल्याकडच्या सरदारकीसारखी पदवी. वडील कॅथलिक आणि वुर्टेम्बर्गच्या राजाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. आई प्रोटेस्टंट होती. मुले कॅथलिक श्रद्धेत वाढली. सतराव्या शतकात याच घराण्यातील एक जण बांबेर्गचे बिशप होते. १९१८ मध्ये जर्मनी युद्ध हरली, राजा गेला, दरबार गेला. उरली ती नावापुरती पदवी आणि सेवा करण्याची घराण्याची सवय.

क्लाउस चेलो वाजवीत. वास्तुशिल्पकार व्हावे असेही त्यांच्या मनात होते. पण १९२६ साली ते बांबेर्गच्या १७व्या घोडदळ पलटणीत दाखल झाले. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणून ठेवले होते, तरी त्याच्या दहा डिव्हिजनपैकी तीन घोडदळाच्या होत्या. रणगाड्यांचे युग उजाडत असताना ही तरुण मंडळी घोड्यांची निगा राखत आणि भाला-तलवारीच्या आठवणींवर वाढत होती. क्लाउस उत्तम घोडेस्वार होते. बांबेर्गच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातील एका घोडेस्वाराचा दगडी पुतळा आहे, त्याच्याशी मित्र त्यांची तुलना करीत. पण त्यांचे डोके मात्र काळाच्या पुढे धावत होते. पुढे त्यांनी शत्रूच्या छत्रीधारी सैनिकांशी कसे लढावे यावर निबंध लिहिला आणि त्याला पारितोषिक मिळाले.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. राष्ट्र पुन्हा उभे राहील या आशेने क्लाउस यांनी त्याचे स्वागतच केले. त्यांना दोष देताना आपण हेही आठवावे की त्याच वर्षी २० जुलैला व्हॅटिकनने हिटलर सरकारशी करार केला होता. बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला तो बॉम्ब फुटायचा होता. सप्टेंबरमध्ये बांबेर्गच्या संत याकोबाच्या चर्चमध्ये नीना फॉन लेर्खेनफेल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवरदेव लष्करी गणवेशात होते.

ऑगस्ट १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले आणि प्रत्येक सैनिकाला नवी शपथ घ्यावी लागली. देशाशी नव्हे, घटनेशी नव्हे, तर देवाला साक्षी ठेवून एकट्या हिटलरशी बिनशर्त आज्ञाधारकपणाची. क्लाउस यांनीही ती घेतली. त्याच सुमारास एका सभेत वक्ता ज्यूंविषयी गलिच्छ बोलू लागला, तेव्हा ते भर सभेतून उठून गेले, असे चरित्रकार सांगतात. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, तीही त्यांना रुचली नाहीत. पण त्यांनी गणवेश उतरवला नाही. १९३९ मध्ये पोलंडच्या स्वारीवरून पत्नीला लिहिलेल्या पत्रात तर तिथल्या लोकांविषयी तुच्छताच आहे. चरित्र सांगताना हे लपवून चालणार नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की, पाप करायला लावणारी शपथ बांधील नसते. सेमिनरीत हे आम्ही अर्ध्या तासात शिकलो. क्लाउस यांना तिथवर पोहोचायला आठ वर्षे लागली. १९४२ साली लष्करी मुख्यालयात काम करताना रशियातील ज्यूंच्या कत्तली आणि उपाशी मारले जाणारे युद्धकैदी यांची खबर त्यांच्यापर्यंत आली, आणि ह्या माणसाला हटवलेच पाहिजे असा त्यांचा निर्णय झाला. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात विमानहल्ल्यात डावा डोळा, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. उरलेल्या तीन बोटांनीच त्यांनी तो बॉम्ब तयार केला. हिटलर वाचला. चौघे मेले, त्यांत टिपणे घेणारा एक लघुलेखकही होता. त्या चौघांचे ओझे कोणत्याही नीतिशास्त्राला सहज उचलता येणार नाही. चर्चने क्लाउस यांना संत किंवा हुतात्मा म्हणून जाहीर केलेले नाही.

त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, बर्लिनमधील लष्करी कचेरीच्या अंगणात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पुरलेला देह दुसऱ्या दिवशी उकरून जाळण्यात आला, म्हणून त्यांची कबर नाही. भाऊ बेर्टोल्ड यांना १० ऑगस्टला फाशी झाली. गरोदर नीना यांना अटक झाली आणि चारही मुलांना आडनाव बदलून अनाथालयात ठेवले गेले. पाचवे अपत्य, कोन्स्टान्झं, जानेवारी १९४५ मध्ये आईच्या कैदेतच जन्मले. युद्ध संपल्यावर नीनांनी मुलांना पुन्हा जवळ केले. त्या २००६ सालापर्यंत जगल्या. दुसरे लग्न त्यांनी केले नाही.