मधु लिमये

मधुकर रामचंद्र ऊर्फ मधु लिमये (१ मे १९२२, पुणे – ८ जानेवारी १९९५, नवी दिल्ली) हे भारतीय समाजवादी नेते, स्वातंत्र्यसैनिक, लेखक आणि संसदपटू होते. बिहारमधून ते चार वेळा लोकसभेवर निवडून गेले. संसदीय नियमांचा सखोल अभ्यास आणि राजकीय नीतिमत्तेचा आग्रह यांसाठी ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन
लिमये यांचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथेच एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्या सहवासात ते समाजवादी चळवळीकडे वळले. युद्धविरोधी भाषणांबद्दल १९४० मध्ये त्यांना धुळे येथील तुरुंगात ठेवण्यात आले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी भूमिगत राहून कार्य केले. १९४३ मध्ये अटक झाल्यानंतर १९४५ पर्यंत ते स्थानबद्ध होते. १९५२ मध्ये त्यांचा विवाह चंपा गुप्ते यांच्याशी झाला.

गोवा मुक्तिसंग्राम
१९५५ मध्ये लिमये यांनी सत्याग्रहींच्या तुकडीसह गोव्यात प्रवेश केला. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना जबर मारहाण केली व लष्करी न्यायाधिकरणाने १२ वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली.

संसदीय कारकीर्द
१९६४ च्या पोटनिवडणुकीत ते मुंगेर मतदारसंघातून प्रथम लोकसभेत गेले आणि १९६७ मध्ये तेथूनच पुन्हा निवडून आले. १९७१ मध्ये त्यांचा पराभव झाला. मात्र १९७३ ची पोटनिवडणूक आणि १९७७ ची सार्वत्रिक निवडणूक त्यांनी बांका येथून जिंकली. प्रश्नोत्तरे, हक्कभंगाचे प्रस्ताव आणि नियमांचे मुद्दे ही आयुधे वापरून त्यांनी मंत्र्यांना सभागृहास उत्तरदायी ठेवण्याचा प्रयत्न केला. सभागृहात गोंधळ घालण्यापेक्षा कागदपत्रांच्या आधारे सरकारला अडचणीत आणणे ही त्यांची पद्धत होती.

न्यायालयीन लढे
नोव्हेंबर १९६८ मध्ये लखीसराय येथे झालेल्या अटकेविरुद्ध त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अटकेची कारणे न कळविल्याने संविधानाच्या अनुच्छेद २२ चा भंग झाला, असे ठरवून न्यायालयाने त्यांच्या मुक्ततेचा आदेश दिला. जमावबंदीच्या कलम १४४ ला त्यांनी दिलेले आव्हान मात्र १९७० मध्ये फेटाळले गेले. १९७४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन विधिमंत्री अ. र. अंतुले यांच्यावर पत्रकार परिषदेत केलेल्या टीकेवरून त्यांच्याविरुद्ध अब्रुनुकसानीचा खटला भरण्यात आला. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निकाल दिला. उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांविषयीचा हा निकाल आजही आधार म्हणून उद्धृत केला जातो.

आणीबाणी आणि राजीनामा
१९७५ मध्ये लिमये यांना अटक झाली व ते मध्य प्रदेशातील तुरुंगांत स्थानबद्ध राहिले. पाचव्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. सरकारने कायदा करून ती वाढविली. मतदारांनी पाच वर्षांसाठीच कौल दिला असल्याने वाढीव काळात सदस्य राहणे अनैतिक आहे, या भूमिकेतून त्यांनी तुरुंगातूनच राजीनामा दिला. जबलपूरचे खासदार शरद यादव यांनीही राजीनामा दिला. विरोधी पक्षांच्या बहुतेक सदस्यांनी मात्र सदस्यत्व कायम ठेवले.

जनता पक्ष
१९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आल्यावर लिमये यांनी मंत्रिपद न स्वीकारता पक्षाचे सरचिटणीसपद सांभाळले. पूर्वाश्रमीच्या जनसंघाच्या सदस्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंध ठेवू नयेत, असा आग्रह त्यांनी धरला. दुहेरी निष्ठेच्या या वादाने पक्षातील फूट रुंदावली आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांचे सरकार कोसळले. लिमये यांच्या तत्त्वाग्रहामुळे काँग्रेसच्या पुनरागमनाचा मार्ग सुकर झाला, अशी टीका त्यांच्यावर झाली. १९८० मध्ये बांका येथे ते स्वतःही पराभूत झाले.

उत्तरायुष्य
१९८२ मध्ये सक्रिय राजकारणातून निवृत्त होऊन त्यांनी लेखनास वाहून घेतले. 'द जनता पार्टी एक्सपेरिमेंट' या ग्रंथात त्यांनी त्या काळाची चिकित्सा केली. स्वातंत्र्यसैनिकांचे व माजी खासदारांचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही. वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.