लाल विमानाचा वैमानिक आणि डोक्याची जखम

६ जुलै १९१७. बेल्जियमच्या वेर्विक गावाजवळच्या आकाशात मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन हा जर्मन वैमानिक ब्रिटिशांच्या दोन आसनी विमानांवर चाल करून गेला. अंतर अजून बरेच होते. एवढ्या लांबून मारलेली गोळी लागत नाही, असा त्याचा अनुभव होता. तरीही एक गोळी आली आणि त्याची कवटी फोडून गेली. क्षणात त्याची दृष्टी गेली, हातपाय लुळे पडले आणि विमान भेलकांडत खाली जाऊ लागले. काही वेळाने थोडे दिसू लागले, हातांत बळ आले आणि त्याने विमान कसेबसे जमिनीवर टेकवले. पुढे जेमतेम साडेनऊ महिने तो जगला. त्या नऊ महिन्यांवर मेंदूचे अभ्यासक आजही बोलतात.

‘रेड बॅरन’ या नावाने जगाला ठाऊक असलेल्या रिश्टहोफेनचा जन्म २ मे १८९२ रोजी ब्रेस्लाउजवळ झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. वडील घोडदळात अधिकारी. मुलालाही अकराव्या वर्षी सैनिकी शाळेत घातले गेले आणि पुढे तो भालाईत घोडदळात दाखल झाला. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. मात्र खंदक, काटेरी तारा आणि मशिनगन यांच्यापुढे घोडदळाचे काही चालेना. मागे राहून रसदीची कामे करण्याचा त्याला कंटाळा आला. १९१५ मध्ये त्याने हवाई दलात बदली मागून घेतली.

सुरुवातीला तो वैमानिक नव्हता, निरीक्षक होता. मागच्या किंवा पुढच्या आसनावर बसून शत्रूच्या हालचाली टिपायच्या, हे त्याचे काम. त्याच वर्षी आगगाडीत त्याची ओस्वाल्ड बोल्के या नामवंत वैमानिकाशी गाठ पडली आणि आपणही विमान चालवायचे, असे त्याने ठरवले. पहिल्याच एकट्याच्या उड्डाणात उतरताना त्याने विमान मोडले. पुढे व्हेर्दं आणि रशियन आघाडीवर त्याने बॉम्बफेकी विमाने चालवली. ऑगस्ट १९१६ मध्ये बोल्केने आपल्या नव्या लढाऊ तुकडीसाठी माणसे निवडली, त्यात रिश्टहोफेन होता.

त्या काळची विमाने म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. पंख एकावर एक असे दोन. याचे कारण साधे होते. पातळ पंख एकटा असला तर वाकतो, मोडतो. दोन पंख खांबांनी आणि तारांनी एकमेकांना बांधले की पुलाच्या सांगाड्यासारखी मजबुती येते आणि वजनही फारसे वाढत नाही. मात्र तेच खांब आणि त्याच तारा हवेला अडवतात, म्हणून वेगाला मर्यादा पडते. दुसरी अडचण बंदुकीची होती. समोर पंखा फिरत असताना गोळी झाडायची कशी? इंजिनाच्या गतीशी मशिनगन जोडून, पाते समोर नसतानाच गोळी सुटेल अशी यंत्रणा १९१५ मध्ये फोकर कंपनीने जर्मन विमानांवर बसवली. तेव्हापासून विमान ज्या दिशेला, बंदूक त्या दिशेला, असे झाले.

रिश्टहोफेनने पहिले विमान १७ सप्टेंबर १९१६ रोजी पाडले. प्रत्येक विजयामागे तो बर्लिनच्या जवाहिऱ्याकडून चांदीचा छोटा पेला घडवून घेई. साठ पेले झाल्यावर जर्मनीत चांदीचीच टंचाई झाली आणि ही हौस थांबली. कसरती करणारा वैमानिक म्हणून त्याची ख्याती नव्हती. तो हिशेबी होता. सूर्य पाठीशी ठेवायचा, उंचीवरून यायचे, अगदी जवळ जाऊन गोळी झाडायची, आणि शत्रूच्या हद्दीत खाली उतरून कुणाचा पाठलाग करायचा नाही. बोल्केने घालून दिलेली शिस्त त्याने मनापासून पाळली. बोल्के स्वतः ऑक्टोबर १९१६ मध्ये आपल्याच सहकाऱ्याच्या विमानाशी टक्कर होऊन गेला.

जानेवारी १९१७ मध्ये रिश्टहोफेनला स्वतःची तुकडी मिळाली. याच सुमारास त्याने आपले अल्बाट्रॉस विमान लाल रंगवले. त्याच महिन्यात उडत असताना त्याच्या विमानाचा खालचा पंख तडकला. तरी तो सुखरूप उतरला. एप्रिलमध्ये त्याच्या तुकडीने ब्रिटिशांचे इतके नुकसान केले की तो महिना त्यांच्या इतिहासात ‘रक्ताळलेला एप्रिल’ म्हणून नोंदला गेला. जूनअखेर चार तुकड्यांचा एक मोठा गट त्याच्या हाती आला. आणि बारा दिवसांनी ती गोळी लागली.

कोर्त्राइकच्या लष्करी रुग्णालयात त्याच्या डोक्यातून हाडाचे तुकडे काढण्यात आले. डोक्याला पट्टी बांधून परिचारिकेशेजारी उभा असलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. डॉक्टरांचा सल्ला विश्रांतीचा होता. पण तीन आठवडेही पुरते झाले नव्हते, तोच २५ जुलैला तो तुकडीत परतला. १६ ऑगस्टला त्याने ५८ वे विमान पाडले. त्या उड्डाणानंतर त्याला मळमळ आणि तीव्र डोकेदुखी झाली. जखम भरत नव्हती, हाडाचे कण काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. शेवटी शरद ऋतूत सक्तीची रजा घ्यावी लागली.

या काळात त्याच्या स्वभावात बदल झाल्याचे जवळच्यांना जाणवले. पूर्वी मोकळा असलेला माणूस गप्प, उदास राहू लागला. प्रत्येक हवाई लढाईनंतर आपल्याला अतिशय वाईट वाटते, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आणि त्याचा संबंध डोक्याच्या जखमेशी जोडला. आघाडीवरून हटून जमिनीवरचे काम घ्यावे, असे सुचवूनही तो तयार झाला नाही. खंदकातल्या साध्या सैनिकाला जर सुटका नाही, तर मला का, असा त्याचा विचार होता.

२० एप्रिल १९१८ पर्यंत त्याच्या नावावर ८० विमाने होती. २१ एप्रिलला तो तीन पंखांचे लाल फोकर घेऊन सोम नदीच्या खोऱ्यात गेला. लढाईतून निसटणाऱ्या एका नवख्या वैमानिकाच्या मागे तो लागला. पाठलाग करत तो जमिनीला चिकटून, शत्रूच्या हद्दीत बराच आत गेला. नेहमी पश्चिमेकडून येणारा वारा त्या दिवशी पूर्वेकडून होता, त्यानेही त्याला आत ढकलले. कॅनडाच्या रॉय ब्राउनने त्याच्यावर हल्ला चढवला, खालून ऑस्ट्रेलियन सैनिकांनी गोळ्या झाडल्या. एकच गोळी उजव्या बाजूने छातीत शिरली. ती जमिनीवरून आली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सव्विसावा वाढदिवस अकरा दिवसांवर असताना तो गेला. शत्रूनेच त्याला लष्करी मानाने दफन केले.

जो नियम त्याने शेकडो उड्डाणांत पाळला, तोच त्या दिवशी त्याने का मोडला? १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याच्या आजारपणाच्या नोंदींचा विचार करणारा लेख आला. मेंदूच्या इजेमुळे तो उड्डाणास योग्य राहिला नव्हता, असा त्याचा रोख होता. २००४ मध्ये अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या अभ्यासकांनीही तसेच मत मांडले. कपाळामागचा मेंदूचा भाग आवेगाला आवर घालतो, धोका तोलतो आणि हातातले काम सोडून देण्याची वेळ ओळखतो. त्याला इजा झाली तर माणूस चालतो, बोलतो, कौशल्याची कामेही करतो. पण एका गोष्टीच्या मागे लागला की थांबत नाही. जखमेनंतरही रिश्टहोफेनने २३ विमाने पाडली. हात आणि डोळे शाबूत होते, पण थांबावे कधी हे सांगणारी शक्ती बहुधा दुखावली होती. अर्थात थकवा, वारा आणि वर्षभरात गमावलेले सोबती यांचाही वाटा असणारच. शंभर वर्षांपूर्वीच्या मेंदूचा स्कॅन काढता येत नाही, त्यामुळे हे अनुमानच आहे.

अनुमान असले तरी त्यातला धडा खरा आहे. डोक्याला मार लागल्यावर शुद्ध आली, चालता-बोलता येऊ लागले की आपण बरे झालो असे समजतो. कामावर जातो, गाडी चालवतो. डोकेदुखी, मळमळ, चिडचिड, उदासी, झोपेत बदल या तक्रारी आठवडेच्या आठवडे राहू शकतात आणि निर्णय चुकतात ते याच दिवसांत. क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला चेंडू लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा आहे, तीही याच कारणाने. कारण ‘मी ठीक आहे’ हे सांगणाराही तोच दुखावलेला मेंदू असतो. म्हणून अशा वेळी परतण्याचा निर्णय रुग्णाने नव्हे, डॉक्टरांनी घ्यायचा असतो. आणि घरच्यांनी त्यांना साथ द्यायची असते.